दाव्याचे समन्स म्हणजे निकाल नव्हे

आपल्या परभणी जिल्ह्यात, जिंतूर असो की गंगाखेड, कोर्टाचा बेलीफ गावात आला की बातमी पारावर आधी पोहोचते. ‘अमक्यावर दावा लागला. भावाची जमीन लाटली म्हणे त्यानं!’ दाव्याचा कागद कोणी वाचलेला नसतो, पण पारावर निकाल लागून जातो. मग सोयरीक अडते, बोलचाल तुटते.

वास्तविक वादपत्र म्हणजे वादीचे म्हणणे. त्यासोबत प्रतिज्ञापत्र असले तरी ते म्हणणेच. जो सांगतो त्यानेच ते सिद्ध करायचे, हा कायद्याचा साधा नियम. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार फसवणुकीचा किंवा दबावाचा आरोप करणाऱ्याला तपशीलही द्यावा लागतो. ‘मला फसविले’ एवढ्यावर भागत नाही.

आरोप आणि निकाल यांत किती अंतर असू शकते, हे ताईमहाराज प्रकरणात दिसते. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ मध्ये वारले. लोकमान्य टिळक त्यांच्या मिळकतीचे एक विश्वस्त होते. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांनी जून १९०१ मध्ये आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेत, जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, असे टिळकांचे म्हणणे. ताईमहाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापुरात दुसरा मुलगा दत्तक घेतला. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने टिळकांची बाजू उचलून धरली. १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तकविधान खरे ठरविले. घटना तीच, साक्षीपुरावा तोच, पण शेवटचा शब्द यायला चौदा वर्षे गेली. नामवंत न्यायाधीशांचे जिथे एकमत झाले नाही, तिथे आपण चहा संपेपर्यंत निकाल द्यावा काय?

पण याची दुसरी बाजूही आहे. आरोप खोटा असला, तरी गप्प बसून चालत नाही. समन्स मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. कारण पटले तर न्यायालय ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकते. ‘सगळे खोटे आहे’ असे मोघम उत्तरही पुरत नाही. वादीचा एकेक मुद्दा स्पष्टपणे नाकारावा लागतो. जो नाकारला नाही, तो कबूल केला असे धरले जाऊ शकते. कित्येकजण रागाने समन्स घेतच नाहीत आणि दावा एकतर्फी चालतो. वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्न असणारे यांना तिथे मोफत वकील मिळतो.

तेव्हा, ज्याच्या दारी समन्स आले त्याने वेळेत उत्तर द्यावे. आणि शेजाऱ्यांनी? वादीलाही खोटे म्हणू नये, प्रतिवादीलाही चोर म्हणू नये. दोघांनाही उद्या त्याच गावात, बांधाला बांध लावून राहायचे आहे.