जुन्या मोटारीचा तांबडा दिवा

२९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेव येथें नोंदली गेलेली पद्मिनी ही मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी. वीस वर्षांची मुदत संपतांच, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, तिचा व्यवसाय थांबला. तथापि कुर्ल्याच्या कारखान्यांत घडलेल्या या जातीच्या खासगी मोटारी कांहीं घरांच्या दारांत अद्याप उभ्या आहेत. वडिलांनीं घेतलेली म्हणून विकवत नाहीं, आणि वाटेंत दगा देईल म्हणून बाहेर काढवत नाहीं! अशा गाडीच्या मालकास डॅशबोर्डवरील तांबडा दिवा लागण्याची मोठी धास्ती असते. वस्तुतः धास्ती धरावयाची ती दिवा न लागण्याची.

किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, तेलाचा आणि चार्जिंगचा असे दोन्ही दिवे लागले पाहिजेत. इंजिन चालूं झाल्यावर ते विझले पाहिजेत. दिवा दिसत नाहीं म्हणून निश्चिंत असलेला मनुष्य कित्येकदां जळालेल्या बल्बच्या भरंवशावर घाट चढत असतो. परीक्षा सोपी आहे. इंजिनाच्या अंगाला बसविलेल्या तेलाच्या स्विचवर एक तार असते. किल्ली चालूं, पण इंजिन बंद असतांना ती तार काढून इंजिनाच्या स्वच्छ धातूस टेकवावी. दिवा लागला तर बल्ब व तार शाबूत आहेत. तार हवेंत मोकळी धरूनही दिवा विझत नसेल, तर तिचें वेष्टण कोठेंतरी झिजून ती सांगाड्यास लागत आहे असें समजावें.

चालत्या गाडींत तेलाचा दिवा लागला, तर ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊं’ हा विचार मनांत आणूं नये. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें. बेअरिंगांत धातूला धातूपासून दूर ठेवणारा तेलाचा थर दाबावांचून टिकत नाहीं; तो गेला कीं थोड्या मिनिटांत सारें इंजिन उघडण्याची पाळी येते. कांहीं वेळ थांबून पट्टीनें तेलाची पातळी पहावी. पातळी योग्य असूनही दिवा कायम राहिला, तर गाडी ओढून न्यावी. दोष नुसत्या स्विचचा असणें शक्य आहे, परंतु तें दाबमापक लावून ठरवावयाचें, अंदाजानें नव्हे. तापलेलें इंजिन मंद चालतांना लुकलुकणारा आणि वेग वाढवितांच विझणारा दिवा हा पातळ झालेल्या तेलाची किंवा झिजलेल्या बेअरिंगांची वर्दी असूं शकतो. ‘जुनी गाडी, असेंच चालायचें’ हें मेकॅनिकचें उत्तर तेथें पुरेसें मानूं नये.

चार्जिंगचा दिवा तितका निकडीचा नाहीं, असें म्हणतात; तें अर्धेंच खरें आहे. या गाडींत डायनामो फिरविणारा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवितो. म्हणून दिवा लागतांच प्रथम बॉनेट उघडून पट्टा पहावा. तो तुटला असेल तर पाणी उकळेल. मुक्काम दोन मैलांवर असला तरी गाडी पुढें नेऊं नये, आणि गरम रेडिएटरचें झांकण तर उघडूंच नये.

पट्टा धड व ताठ असेल, तर जोडण्या पहाव्या. बॅटरीच्या टोकांवर सांचलेली पांढरट-हिरवी बुरशी विजेची वाट अडविते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें ती धुवावी, टोकें कोरडीं पुसावीं, आणि जोडल्यावर वरून थोडें व्हॅसलीन लावावें. मात्र सांगाड्याकडे जाणारी तार सर्वांत आधीं सोडावी व सर्वांत शेवटीं जोडावी, म्हणजे पाना चुकून पत्र्यास लागला तरी ठिणगी उडत नाहीं.