तळं आधी, घर मागून



इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी सध्या एकच बोलणं चालू आहे, हे मला ठाऊक आहे. बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीचा किंवा बीटीएम लेआउटचा भाड्याचा फ्लॅट सोडायचा, सांगलीला किंवा नागपूरला एकटे राहणारे आईवडील इकडे आणायचे, मुलांना खेळायला मोकळी जागा हवी, आणि म्हणून शहराच्या कडेला, जमलं तर एखाद्या तळ्याकाठी घर घ्यायचं. कुटुंब हलवणं हा वीस-पंचवीस वर्षांचा निर्णय असतो, आणि आपण तो बहुतेक वेळा शाळा, ऑफिसचं अंतर आणि कर्जाचा हप्ता या तीन गोष्टींवर घेतो. त्या तिन्ही महत्त्वाच्या आहेतच. पण बेंगळुरूत त्यांच्याआधी तळं बघावं, असं माझं ठाम मत आहे. इथल्या कोणत्याही भागाचं पाणी, सांडपाणी, पूर आणि जमिनीचे कागद या चारही गोष्टींचा खरा हिशेब त्या भागातल्या तळ्यावर उघडा पडलेला असतो.

याचं कारण या शहराच्या जागेत आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच, एका कण्यावर वसलेलं आहे. पुण्याला मुळा-मुठा आहेत, सांगलीला कृष्णा आहे. इथे मोठी नदी नाही. कण्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळतं. पूर्वेला पडलेलं कोरमंगला-चल्लघट्टा आणि हेब्बाळ या दोन खोऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे जातं. नदी नसलेल्या या उतारांवर जुन्या माणसांनी बांध घालून तळी केली, आणि ती एकाखाली एक अशी की वरचं भरलं की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्यात यावं. इथे सांडव्याला कोडी म्हणतात आणि दोन तळ्यांना जोडणाऱ्या मोठ्या ओढ्याला राजकालुवे. हे दोन शब्द घर शोधायला निघालेल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावेत. आपल्यापैकी जे भंडारा-गोंदियाकडचे आहेत त्यांना हे नवं वाटणार नाही. कोहळी समाजाने बांधलेले तिथले तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते याच समजुतीवर उभे आहेत: पाणी अडवायचं, वापरायचं आणि उरलेलं खालच्या गावाला द्यायचं.

केंपेगौडाने 1537 मध्ये पेठ वसवली तेव्हा त्याने तळीही बांधली. शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली. तिच्यात बेंगळुरूबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि सिरा ही ठाणी होती. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाला शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजांनी गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. म्हणजे मराठी कुटुंबं या मुलखात बिऱ्हाड हलवत आली त्याला पावणेचारशे वर्षं झाली. यात मला विशेष वाटतं ते हे की आज दलाल तुम्हाला जी नावं सांगतात, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर, त्यातली काही थेट त्या जहागिरीतली आहेत. तेव्हा या गावांत वस्ती झाली ती तळी होती म्हणून.

आता मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगतो. मॅजेस्टिकचा बसस्टँड उभा आहे तिथे धर्मांबुधी तळं होतं. कंठीरवा स्टेडियम संपंगी तळ्यावर आहे. 1894 मध्ये हेसरघट्ट्याचं पाणी शहरात आलं, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचं, आणि 1974 मध्ये कावेरीचं. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि जवळजवळ पाचशे मीटर वर चढवून आणावं लागतं. नळाला पाणी आलं तसं तळ्याकडे लोकांचं लक्ष राहिलं नाही. लक्ष उडालं तिथे सांडपाणी आलं, भराव आला, आणि भरावावर इमारती आल्या.

याचा शेवट कुठे होतो ते बेळ्ळंदूरला दिसलं. सुमारे नऊशे एकरांचं हे शहरातलं सगळ्यात मोठं तळं, साखळीत खालच्या टोकाला असलेलं. वरच्या निम्म्या शहराचं मैलापाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरींचं पाणी त्यात उतरत राहिलं. खालच्या वर्तूर तळ्याच्या कोडीवरून ते पाणी कोसळलं की त्याचा फेस होऊन रस्त्यावर, स्कूटरवाल्यांच्या अंगावर उडत असे. फेब्रुवारी 2017 मध्ये बेळ्ळंदूरला आग लागली. जानेवारी 2018 मध्ये पुन्हा लागली, तेव्हा ती विझवायला लष्कराचे जवान उतरवावे लागले. तळ्याला आग लागते, हे वाक्य आपल्या आजी-आजोबांना आपण समजावून सांगू शकलो नसतो. आणि या सगळ्या काळात तळ्याच्या चहूबाजूंनी "लेक व्ह्यू" म्हणून फ्लॅट विकले जात होते. लोकांनी आयुष्याची कमाई घालून ते घेतले आणि खिडक्या बंद करून राहिले. मला त्या कुटुंबांबद्दल मनापासून वाईट वाटतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की तळं साखळीत कुठे आहे ते आधी बघायचं असतं.

तर पहिली गोष्ट हीच. जे तळं तुम्हाला दाखवलं जातंय त्याच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे चालत जाऊन बघा. पाणी ज्या बाजूने आत येतं तिथे जाऊन उभे राहा. काळं, वास येणारं पाणी असेल तर बागेची कितीही सुंदर पायवाट असली तरी ते तळं आजारी आहे. मग कोडीकडे जा. कोडी मोकळी आहे का, तिच्यापुढचा राजकालुवे किती रुंद आहे आणि पुढे गेल्यावर तो कोणाच्या कुंपणाखाली नाहीसा होतो, ते बघा. सप्टेंबर 2022 मध्ये सर्जापूर रस्त्यावरच्या, कोट्यवधींच्या बंगल्यांच्या वस्त्यांत लोकांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावं लागलं. पाऊस जोराचा होता हे खरं, पण वरच्या तळ्यांचं पाणी खाली जायला निघालं तेव्हा त्याच्या वाटेत घरं उभी होती, हे त्याहून खरं. नोव्हेंबर 2019 मध्ये हुळिमावूचा बांध फुटला आणि शेकडो घरांत पाणी शिरलं. बांधाच्या खाली, उताराला असलेल्या घरासाठी तर मी बांधाची अवस्था विचारल्याशिवाय पुढचं बोलणंच करणार नाही.

आणि घर बघायला मार्चमध्ये जाऊ नका. मार्चमध्ये सगळीकडची हवा छान असते, शिरीष आणि टबेबुया फुललेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्रभर पाऊस पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मग पुन्हा एकदा एप्रिलअखेर जा आणि वॉचमनला विचारा की टँकर दिवसाला किती येतात. 2024 च्या मार्चमध्ये सरकारनेच सांगितलं की शहरातल्या सुमारे 13,900 सरकारी बोअरवेलपैकी 6,900 कोरड्या पडल्या आहेत. सगळ्यात हाल झाले ते कडेच्या भागांचे, जिथे कावेरीची पाइपलाइन पोचली नव्हती. 2007 मध्ये महापालिकेत आलेल्या 110 गावांसाठी कावेरीचा पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, रोज 775 दशलक्ष लिटरचा. पण योजना गावात येणं आणि तुमच्या इमारतीला जोडणी मिळणं यात अंतर असतं. बिल्डर "कावेरी येणार आहे" म्हणाला तर जोडणीची पावती मागा.

आता चांगली उदाहरणं, कारण ती आहेत आणि मला तीच जास्त सांगावीशी वाटतात.

उत्तरेला जक्कूरचं तळं आहे, दीडशे एकरांहून मोठं. तिथे वरच्या बाजूला मैलापाणी शुद्धीकरणाचं केंद्र आहे. त्यातून निघालेलं पाणी थेट तळ्यात जात नाही. ते आधी लव्हाळी आणि पाणकणसं लावलेल्या पाणथळीतून फिरतं, झाडांची मुळं त्यातला उरलासुरला नत्र-फॉस्फरस ओढून घेतात, आणि मग ते तळ्यात उतरतं. तळ्यात कोळी मासे धरतात, पाणकावळे आणि झोळीवाले पेलिकन येतात, आणि आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहतं. उन्हाळ्यात ज्या शहरात लोक बोअरवेल हजार फुटांखाली नेतात, तिथे एका तळ्याकाठी उघड्या विहिरीत पाणी दिसणं ही लहान गोष्ट नाही. आणि हे आपोआप टिकलेलं नाही. "जलपोषण" नावाचा रहिवाशांचा गट त्यावर डोळ्यात तेल घालून बसलेला असतो.

सर्जापूर रस्त्यावरच्या कैकोंड्रहळ्ळीचं तसंच. एके काळी ते जवळजवळ कोरडं, कचऱ्याने भरलेलं होतं. तिथल्या रहिवाशांनी महापालिकेला बरोबर घेऊन ते पुन्हा उभं केलं. गाळ काढताना त्यांनी एक शहाणपणा केला: गुरांना पाणी, गवत कापणाऱ्या बायकांना वाट, गावदेवीचं ठाणं, हे सगळं राखलं. तळं फक्त सकाळी चालणाऱ्यांचं केलं की जुना गाव त्यापासून तुटतो, आणि जुना गाव तुटला की तळ्याचा पहारेकरी जातो. नवीन येणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे समजून घेणं फार गरजेचं आहे.

शहर सोडून छोट्या गावातच जायचं असेल तर? होसकोटे मला आवडतं. मोठं तळं आहे, पाऊस बरा झाला की भरतं, हिवाळ्यात पक्षी बघायला लोक पहाटे येतात, आणि त्याच पहाटे गावात दम बिर्याणीसाठी रांगा लागलेल्या असतात. चेन्नईचा एक्सप्रेसवे तिथून निघतो. पण त्यामुळेच गोदामं आणि ट्रकही वाढले आहेत, आणि व्हाइटफील्डपलीकडे नोकरी असणाऱ्यांना रोजचा प्रवास दमवेल. देवनहळ्ळीत एक वेगळीच गोष्ट चालू आहे. बेंगळुरूच्या हेब्बाळ-नागवार खोऱ्याचं प्रक्रिया केलेलं पाणी तिकडच्या तळ्यांत सोडतात. त्यातलं सिहिनीरु केरे भरल्यावर काठाच्या जुन्या विहिरीला आणि उथळ बोअरवेलना पाणी आलं, आणि ते पुन्हा शुद्ध करून गावाला देण्याची सोय झाली. मला त्यात मोठी आशा दिसते. मात्र कोलारकडे 2018 पासून जाणाऱ्या अशाच पाण्याच्या दर्जाबद्दल तिथले शेतकरी जे विचारतात, ते आपणही विचारलं पाहिजे: शेवटच्या टप्प्याची प्रक्रिया होते का, तपासणीचा अहवाल कुठे लावलेला आहे? दोड्डबळ्ळापूरला जायचं ठरवत असाल तर दोड्डतुमकूरच्या गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय ठरवू नका. कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने त्यांचं तळं नासलं म्हणून ते वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत. हेसरघट्ट्याचं माळरान अप्रतिम आहे, आणि त्याच कारणाने तिथे मोठी वसाहत होऊ नये असं मला वाटतं. अर्कावतीच्या त्या पाणलोटात बांधकामावर निर्बंध घालणारा आदेश 2003 मध्येच निघालेला आहे. त्या पट्ट्यात कोणी स्वस्त प्लॉट दाखवत असेल तर आधी तो आदेश वाचा.

कागदांबद्दल दोन शब्द, कारण इथे आपली माणसं फसतात. आपल्याकडे सातबारा, तसं इथे पहाणी, म्हणजे आरटीसी. आपल्याकडचा पोटखराबा, तसा इथला खराब. त्यातला "बी खराब" म्हणजे सार्वजनिक जमीन: तळं, ओढा, वाट. प्लॉटच्या सर्व्हे नंबरात बी खराब निघाला तर तो भाग कोणत्याही खरेदीखताने तुमचा होत नाही. कर्नाटक सरकारचं "दिशांक" नावाचं मोबाइल ॲप आहे. तुम्ही ज्या जागी उभे आहात तिचा सर्व्हे नंबर आणि जुना गावनकाशा त्यात दिसतो. तळ्यापासून किती अंतर सोडायचं यावर बरीच लढाई झाली. हरित लवादाने 2016 मध्ये 75 मीटर सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये तो आदेश रद्द केला आणि बृहत् आराखड्यातले 30 मीटर राहिले. 2025 मध्ये छोट्या तळ्यांसाठी हे अंतर आणखी कमी करणारं विधेयक विधिमंडळाने मंजूर केलं. कायदा काहीही सांगो, पाणी 30 मीटरची रेघ वाचत नाही. मी माझ्या घरच्यांसाठी घेताना 75 मीटरच धरीन.

शाळा, दवाखाना, मेट्रो याबद्दल मी कमी बोललो, कारण ते तुम्ही स्वतः नीट बघता. मेट्रोची जांभळी मार्गिका 2023 मध्ये व्हाइटफील्डपर्यंत आणि पिवळी 2025 मध्ये बोम्मसंद्रापर्यंत गेली, त्यामुळे अंतराचा जुना हिशेब बदलला आहे. आईवडिलांना आणणार असाल तर रात्री दोन वाजता कोणत्या इस्पितळात जायचं हे आधी ठरवा. आणि एक विनंती: विकत घेण्याआधी त्याच भागात जूनपासून मेपर्यंत, एक अख्खं वर्ष भाड्याने राहा. त्या वर्षात तळ्याच्या गटाच्या रविवारच्या कामाला जा, मोडकंतोडकं का होईना कन्नडमध्ये बोला. नगरसेवकापेक्षा, दलालापेक्षा त्या गटातली म्हातारी माणसं तुम्हाला अचूक सांगतील की पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं. त्यांनी तुम्हाला घरात बोलावून चहा दिला, तर तो भाग तुमच्या आईवडिलांनाही मानवेल.

वेळ झाली आहे. प्रश्नोत्तरं घेऊच, पण मागच्या टेबलावर मी तिन्ही खोऱ्यांचा तळ्यांचा नकाशा पसरून ठेवला आहे आणि दिशांकही उघडून ठेवलं आहे. ज्यांनी एखादी जागा बघून ठेवली आहे त्यांनी सर्व्हे नंबर घेऊन तिकडे या. तुमची जागा साखळीत कुठे बसते ते आपण आत्ताच शोधू.