खिदमतीलाही तालीम हवी

(सोसायटीच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक शाळेत येतात आणि 'सर, आता मुलाला कोणत्या लाईनला घालू?' असे विचारतात. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, आय.टी.आय., नाहीतर थेट आखात, एवढी नावे त्यांच्या मनात असतात. एका कामाचे नाव मात्र सहसा कोणी घेत नाही. आजारी, वृद्ध किंवा अपंग माणसाची त्याच्या घरी राहून शुश्रूषा करणे, हे ते काम. एखाद्या मुलीने स्वतः होऊन त्याचे नाव घेतले, तर 'लोकांची घाण काढायला तुला शिकवले का?' असा प्रश्न तिला ऐकावा लागतो. या प्रश्नाचाच आज आपण थोडा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

प्रथम आपल्या घरांकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील माणसांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. ती त्यानंतर वाढतच गेली आहे. आपल्या कोकणात तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कर्ता मुलगा कुवेतला, दम्मामला किंवा मुंबईला असतो. पैसे वेळेवर येतात, घरावर स्लॅब पडतो, फरशी बसते. परंतु त्या घरात अब्बांना लकवा झाला, तर त्यांना उठवून बसवायला माणूस नसतो. सगळा भार एकट्या सुनेवर किंवा थकलेल्या अम्मीवर येतो. तिला हे काम कोणी शिकवलेले नसते. ती जिवापाड करते, पण जिवापाड करूनही रोग्याचे नुकसान होऊ शकते.

हे विधान कोणाला कठोर वाटेल, म्हणून उदाहरणे देतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला 'झोपू दे बिचाऱ्याला' म्हणून तासन् तास एकाच कुशीवर ठेवतात. माकडहाड, टाचा, खुबा, कोपर अशा जिथे हाड वर आहे तिथे सारखा दाब पडून रक्त पोहोचत नाही. कातडी प्रथम लाल होते, मग फुटते आणि जखम हाडापर्यंत जाते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर कोरडी व सुरकुती नसलेली ठेवणे, रोज ती जागा निरखून पाहणे, एवढ्याने पुष्कळ जखमा टळतात. लाल झालेला भाग बोटाने दाबून पाहावा. तो पांढरा पडत नसेल तर धोक्याची सुरुवात झाली असे समजावे. तिथे तेल लावून चोळणे हा मायेचा उपाय वाटतो, पण त्याने आतली इजा वाढते.

दुसरे उदाहरण जेवणाचे. लकव्यानंतर पुष्कळांची गिळण्याची क्रिया बिघडते. अशा माणसाला आडवे ठेवून पेज पाजली, तर ती श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा आजार होतो. त्याला ताठ बसवून, लहान घास देऊन, पहिला गिळल्यावर दुसरा द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसते ठेवावे. खाताना ठसका येतो किंवा आवाज ओलसर घोगरा होतो असे दिसले, तर डॉक्टरांना सांगावे.

तिसरे मधुमेहाचे. इन्सुलिन घेतले आणि जेवण टळले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. रोगी शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रमजानमध्ये ही बाब विशेष जपावी लागते. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहे. तरीही एखाद्या बुजुर्गाला रोजा ठेवण्याची फार इच्छा असेल, तर औषधाचा डोस घरच्यांनी किंवा सेवकाने आपल्या अंदाजाने बदलू नये, डॉक्टरांना विचारावे.

मित्रांनो, यातले काहीही अवघड नाही, परंतु ते शिकल्याशिवाय येत नाही. म्हणूनच मी म्हणतो की, खिदमतीलाही तालीम हवी.

आता सन्मानाविषयी. शरीर स्वच्छ ठेवले की शुश्रूषा झाली, असे नव्हे. आपल्या दादीला आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळलेला चालला नाही. आजारपणात तिचे कपडे उघड्या दाराशी बदलले, तर तिला काय वाटत असेल? ती बोलू शकत नसली तरी तिला कळत असते. तेव्हा दार लावावे, पडदा ओढावा, ज्या भागाची स्वच्छता करायची तेवढाच उघडा करून बाकी चादरीने झाकावा. शक्य तेथे स्त्रीची सेवा स्त्रीने व पुरुषाची पुरुषाने करावी. हात लावण्यापूर्वी 'आता कूस बदलते हं' असे सांगावे. रोग्याच्या उशाशी बसून त्याच्याविषयी तो जणू तिथे नाहीच असे बोलू नये. जे काम त्याला स्वतः करता येते, मग बटण लावणे असो की चमचा धरणे असो, ते वेळ लागला तरी त्याला करू द्यावे.

नमाजचेही तसेच आहे. उभे राहता येत नसेल त्याने बसून, बसता येत नसेल त्याने पडून, इशाऱ्याने नमाज अदा करावी आणि पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम करावे, ही सवलत शरीअतने दिली आहे. पलंगाची दिशा थोडी बदलून देणे, वेळेची आठवण करणे, यासाठी सेवकाला फार कष्ट पडत नाहीत, पण रोग्याला आपण अजून माणसात आहोत असे वाटते. उद्या आपली मुलगी किंवा मुलगा एखाद्या हिंदू, ख्रिस्ती किंवा जैन घरी काम करील, तेव्हा त्या घरच्या देवघराचा, आहाराचा आणि सोवळ्याचा मान त्याने इतकाच राखला पाहिजे.

'हे तर मुलांचे कर्तव्य आहे, यात पगार कसला?' असा एक आक्षेप येतो. सूरह बनी इस्राईलमध्ये वृद्ध आई-वडिलांपुढे कंटाळ्याचा उद्गारही काढू नये अशी शिकवण आहे. ती आपण सर्वांना पाठ आहे आणि ते कर्तव्य कोणी टाळू शकत नाही. २००७ च्या कायद्याने तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. परंतु दूर असलेल्या मुलाने जाणकार माणूस नेमला, तर तो कर्तव्य टाळतो असे नव्हे, कर्तव्य पार पाडण्याचा एक मार्ग त्याने घेतला. मुलांना शिकवणे हेही आई-बापाचेच कर्तव्य आहे, तरी आपण शाळेत शिक्षक नेमतो आणि त्याला पगार देतो. मग वडिलांची शुश्रूषा करणाऱ्यालाच नोकर का समजावे?

या कामाला हलके समजण्याचा आधार आपल्या इतिहासातही नाही. इ. स. ६२७ च्या खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना मदीनेत हजरत रुफैदा यांच्या तंबूत शुश्रूषेसाठी ठेवले होते. सुलतान कलावूनने १२८४ मध्ये कैरोला बांधलेल्या मोठ्या रुग्णालयात रोग्यांच्या सेवेसाठी पगारी माणसे नेमलेली असत. ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. मग त्याच कामाला आपली मुलगी निघाली की आपली मान खाली का जावी?

काम सन्मानाचे व्हायचे असेल तर ते करणाऱ्याचीही सुरक्षितता पाहिली पाहिजे. शहरात ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांची ड्युटी मिळते. जाण्यापूर्वी पगार किती, ब्युरोचे कमिशन किती, सुट्टी कोणती, झोपायची व नमाजची जागा कोठे, काम रोग्याचेच की घरच्या भांड्या-कपड्यांचेही, हे लेखी ठरवून घ्यावे. रोग्याला उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यातून वाकावे, जड माणसाला एकट्याने उचलू नये. हातमोजे मागून घ्यावेत, साबणाने हात धुणे कधीही चुकवू नये. इंजेक्शन किंवा सलाईन देणे हे नोंदणीकृत नर्सचे काम आहे, ते कोणी गळ घातली तरी अंगावर घेऊ नये. औषध कधी दिले, लघवी किती झाली, ताप किती होता, हे एका वहीत वेळेसह लिहावे. ती वही रोग्याचे रक्षण करते, तसे आपलेही करते. घरच्या तिजोरीला व मोबाईलला हात लावू नये, घरातली गोष्ट बाहेर सांगू नये. आणि मुलींनी हे पक्के लक्षात ठेवावे की, लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घराच्या चार भिंतींतही लागू आहे. खासगी घरात काम करणाऱ्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

शिकण्याची सोय आहे. केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेत 'जनरल ड्युटी असिस्टंट' व 'होम हेल्थ एड' असे काही महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. कोविडच्या काळात, जून २०२१ मध्ये, जे तातडीचे सहा अभ्यासक्रम सुरू झाले त्यांत घरगुती शुश्रूषेचाही समावेश होता. संकट आले तेव्हा या कामाची किंमत सर्वांना कळली. प्रवेश घेताना केंद्राला मान्यता आहे का आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकवतात का, हे पालकांनी स्वतः जाऊन पाहावे. पुढे जिद्द असेल तर ए.एन.एम., जी.एन.एम. अशा पायऱ्या आहेतच.

केरळकडे पाहा. कोझिकोडला १९९३ मध्ये असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी एक संस्था निघाली. पुढे २००० च्या सुमारास शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात, जिथे मुस्लिम बहुसंख्य आहेत आणि आपल्यासारखेच घरोघरचे पुरुष आखातात आहेत, गावकऱ्यांनीच प्रशिक्षण घेऊन घरोघर जाणे सुरू केले. लोकांच्या लहान लहान वर्गणीतून खर्च भागू लागला, विद्यार्थीही सामील झाले. २००८ मध्ये त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. जे मलप्पुरमला झाले ते आपल्या तालुक्यात का होऊ नये?

सोसायटीपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, दर वर्षी शाळेच्या हॉलमध्ये डॉक्टर व नर्स यांच्या मार्गदर्शनाखाली चार-पाच दिवसांचे शुश्रूषा शिबिर घ्यावे. त्याला सुना येतील तसे मुलगेही आले पाहिजेत, कारण अब्बांना अंघोळ घालायला उद्या मुलगाच लागणार आहे. दोन, व्हीलचेअर, वॉकर, बेडपॅन, हवेची गादी अशा वस्तूंचा साठा करून त्या गरजूंना परतीच्या बोलीवर द्याव्यात. रोगी दुरुस्त झाल्यावर किंवा अल्लाहला प्यारा झाल्यावर या वस्तू माळ्यावर पडून राहतात, त्या मिळवणे कठीण नाही. तीन, या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुला-मुलींना इतर शिष्यवृत्त्यांप्रमाणेच मदत द्यावी आणि याच व्यासपीठावर त्यांचाही सत्कार करावा.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. आपली मुलगी या कामाचे नाव घेईल तेव्हा तिला गप्प बसवू नका. केंद्र पाहा, अटी पाहा, ती कोठे राहील ते पाहा, मग खुशाल निर्णय घ्या. आपण प्रत्येक जण एक दिवस कोणाच्या तरी हाताने पाणी पिणार आहोत. तो हात शिकलेला असावा आणि तो हात धरणाऱ्याच्या घरीही इज्जतीने चूल पेटावी, अशी तजवीज आजच करू या.