न विचारता पुढे पडलेलं पाऊल

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी आपा आणि दुल्हाभाई बरीच वर्षं अमेरिकेत, टेक्सासमध्ये राहतात. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सुट्टीत इकडे आला होता. नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेली, खिशात नवं कोरं ड्रायव्हिंग लायसन्स. ते दाखवून झाल्यावर म्हणाला, "मामू, एक गंमत सांगू? लायसन्स घरी आलं आणि थोड्या दिवसांनी दुसरं एक पत्र आलं. लष्करभरतीसाठी तुमची नोंदणी झाली आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी तर कुठे नाव दिलंच नव्हतं."

नाव त्यानेच दिलं होतं. लायसन्सच्या अर्जात तसा एक मजकूर असतो. त्याने तो वाचला नाही आणि खाली सही केली. आपल्यापैकी किती जण सही करण्याआधी अर्ज वाचतात? मीही वाचत नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी कायदा समजून घेऊ. अमेरिकेत सक्तीची लष्करभरती 1973 मध्ये थांबली. 1975 मध्ये नोंदणीही स्थगित झाली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर, 1980 मध्ये, अध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली. 18 ते 25 वयाच्या पुरुषांना ती बंधनकारक आहे. नोंदणी म्हणजे भरती नव्हे. उद्या संसदेने सक्तीची भरती पुन्हा आणलीच, तर कोणाला बोलवायचं याची ती यादी आहे. ही यादी फक्त नागरिकांची नाही. ग्रीन कार्डवाले तिच्यात येतात, कागदपत्रं नसलेले स्थलांतरितही येतात. शिक्षणासाठी किंवा आईवडिलांच्या नोकरीमुळे वैध तात्पुरत्या व्हिसावर असलेली मुलं मात्र येत नाहीत. तुमचं कोणी तिकडे असेल तर हा फरक लक्षात ठेवा.

नोंदणी न करणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, असं कायदा सांगतो. ऐंशीच्या दशकात लाखो तरुणांनी नोंदणी केली नाही. सरकारने मोजक्या जणांवर खटले भरले. त्यामुळे विरोध करणाऱ्यांनाच प्रसिद्धी मिळू लागली. 1986 नंतर असे खटले जवळपास थांबले. मग सरकारने दुसरा रस्ता धरला. तुरुंगाचा धाक दाखवण्याऐवजी रोजच्या गरजेच्या गोष्टी नोंदणीला जोडल्या. आधी कॉलेजची सरकारी आर्थिक मदत, मग केंद्र सरकारची नोकरी, आणि पुढे एकेका राज्यात ड्रायव्हिंग लायसन्स. आज बहुतेक राज्यांत अशी जोडणी आहे. काही राज्यांत ती ऐच्छिक आहे. काही राज्यांत मात्र अर्ज करणं हीच संमती धरली जाते. टेक्सास त्यांपैकी एक.

या जोडणीच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे, ते प्रामाणिकपणे सांगतो. वयाची 26 वर्षं पूर्ण झाली की नोंदणीची मुदत संपते, मग इच्छा असूनही ती करता येत नाही. केंद्र सरकारची नोकरी हातची जाऊ शकते. ग्रीन कार्डवाल्याच्या नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येऊ शकते. नियम ज्यांना माहीतच नव्हता असे गरीब घरांतले, शाळा सुटलेले, नव्याने आलेले तरुण यात जास्त अडकतात. लायसन्सच्या खिडकीवर आपोआप नोंद झाली तर ते वाचतात. माझी आपा हेच म्हणाली, "बरं झालं, पोराच्या मागची एक कटकट गेली." आईच्या जागी उभं राहून पाहिलं तर ती चुकीचं बोलत नाही.

तरीही मला एक गोष्ट खटकते. ती सांगण्यासाठी त्याच टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात जाऊ. 28 एप्रिल 1967. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. भरती केंद्रात तरुण रांगेत उभे होते. नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे तुम्ही सैन्यात दाखल झालात. मुहम्मद अली यांचं जुनं नाव पुकारलं गेलं. ते जागचे हलले नाहीत. पुन्हा पुकारलं, तरी हलले नाहीत. माझा धर्म आणि माझी सदसद्विवेकबुद्धी मला या युद्धात जाऊ देत नाही, अशी त्यांची भूमिका होती. जगज्जेतेपद काढून घेतलं गेलं. पाच वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असल्यामुळे ते तुरुंगाबाहेर राहिले, पण उमेदीची तीन वर्षं रिंगणाबाहेर गेली. 28 जून 1971 रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने ती शिक्षा रद्द केली.

अली बरोबर होते की चूक, यावर तुमच्यात दोन मतं असू शकतात. मला फक्त त्या पावलाबद्दल बोलायचं आहे. सरकारने त्यांना समोर उभं करून विचारलं. हो म्हणायचं की नाही, हे त्यांना ठरवता आलं. त्याची किंमत त्यांनी मोजली. माझ्या भाच्याचं पाऊल मात्र गाडी चालवण्याच्या हौसेत पुढे पडलं, आणि ते त्याला पत्र आल्यावर कळलं.

गंमत पाहा, त्याच खिडकीवर अवयवदान करणार का, असं विचारतात. 1993 च्या कायद्यामुळे मतदार नोंदणीही तिथेच होते. या दोन्ही गोष्टींना नाही म्हणता येतं. युद्धात जायची वेळ येऊ शकते अशा यादीबाबत मात्र प्रश्नच येत नाही. शस्त्र हाती घेणं माझ्या सदसद्विवेकात बसत नाही, असं नोंदवायला नोंदणीत रकानाही नाही. ते म्हणायचं असेल तर भरतीचं बोलावणं आल्यावरच.

आपल्याकडे लष्करभरतीची सक्ती नाही. पण एका कागदाला दुसरा कागद जोडण्याचा अनुभव आपल्यालाही आहे. आधार बँक खात्याला जोडा, मोबाइलला जोडा, असे संदेश आपण सगळ्यांनी वाचलेत. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पॅनची जोडणी आणि सरकारी अनुदानासाठी आधार कायम ठेवलं, पण बँक खातं आणि मोबाइलची सक्ती रद्द केली. म्हणजे प्रत्येक जोडणीला स्वतंत्र कारण द्यावं लागतं. सोयीचं आहे, एवढं कारण पुरत नाही.

लायसन्स कशासाठी? याला गाडी चालवता येते का, याच्या हातून कोणाला इजा होणार नाही ना, एवढं तपासण्यासाठी. सरकारला नोंदणी हवी असेल तर तिने आपल्या नावाने, आपल्या अर्जावर, तरुणाला समोर बसवून विचारावं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यापर्यंत शाळेतून, पत्राने पोचावं. चुकलेल्यांना मुदत वाढवून द्यावी. आपाची काळजी त्यानेही मिटेल.

भाच्याला मी म्हटलं, "कायदा मोडू नकोस. पण युद्धाबद्दल तुला काय वाटतं, ते आजच लिहून ठेव, खाली तारीख घाल." त्याने दोन दिवस घेतले आणि एक पानभर लिहिलं. मला वाचायला दिलं नाही. मी मागितलंही नाही.

तुम्हालाही एवढंच सांगतो. पुढचा अर्ज भराल तेव्हा सही करण्याआधी बारीक अक्षरातला मजकूर वाचा. समजला नाही तर खिडकीवर विचारा. मागची रांग थांबली तरी चालेल.