रक्त, गुठळी आणि आपला संकोच



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी एच.आय.व्ही.सारखा विषय काढावा की नाही, यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाल्याचे माझ्या कानी आले. अखेर अनुमती मिळाली, याबद्दल मी ऋणी आहे. मी बी. ए. झालेला सरकारी सेवक. वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच. जे सांगणार आहे ते डॉक्टर मंडळींना विचारून आणि वाचून जमविलेले आहे.

निमित्त असे घडले. माझे एक मराठी स्नेही कित्येक वर्षे या विषाणूवरील गोळ्या नियमाने घेत आहेत. नाव सांगणार नाही. हकीकत सांगण्यास मात्र त्यांची संमती आहे. गीतांजली एक्सप्रेसने मुंबईहून परतल्यावर त्यांची डावी पोटरी सुजून टणक झाली. शिरेत रक्ताची गुठळी होती. ज्या डॉक्टरांकडे ते गेले, त्यांना त्यांनी मूळ आजार सांगितलाच नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली आणि आठवड्याभरात हिरड्यांतून व लघवीतून रक्त जाऊ लागले. त्यांच्या रोजच्या औषधांत रिटोनाव्हिर होते. ते यकृतातील काही विकरांचे काम रोखते, त्यामुळे नवी गोळी शरीराबाहेर न पडता साचत गेली. यात डॉक्टरांचा तरी काय दोष?

पण मुळात गुठळी का झाली? हा विषाणू प्रतिकारशक्ती पोखरतो, एवढेच आपण ऐकून असतो. रक्ताशी त्याचे वागणे दुतोंडी आहे. एकीकडे शरीर स्वतःच्याच बिंबाणूंचा, म्हणजे प्लेटलेटचा, नाश करू लागते. अस्थिमज्जेतही ते कमी तयार होतात. मग घोळणा फुटतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात. कित्येकदा रोगाची पहिली खूण हीच असते. दुसरीकडे, शरीरात दाहाची धग सतत राहते, राखेखालच्या निखाऱ्यासारखी. आतड्याचे अस्तर दुबळे होऊन जंतूंचे अंश रक्तात झिरपतात, काही पांढऱ्या पेशी रक्त गोठविणारे द्रव्य अंगावर वागवू लागतात, आणि गोठण्याला लगाम घालणारे प्रोटीन एस कमी पडते. म्हणजे बिंबाणू कमी असूनही गुठळीचा धोका इतरांहून काही पटींनी अधिक! औषधांनी ही धग पुष्कळ शमते, पूर्ण विझत नाही. औषध मध्येच थांबविणे मात्र घातक. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत औषधे अधूनमधून थांबविणाऱ्यांत मृत्यू आणि हृदयविकार दोन्ही वाढले. गुठळी विरघळताना रक्तात उरणारा डी-डायमर हा अंश अशा रुग्णांत वाढलेला आढळला.

भगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे झुकतेच. प्रसूतीतील रक्तस्राव आवरण्यासाठी निसर्गाने केलेली ती तजवीज आहे. प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवडे हा झुकाव टिकतो. त्यात इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांचीही भर पडू शकते. हा विषाणू अंगी असेल तर धोक्याची बेरीज होते. बोस्टनच्या संशोधकांनी 2007 साली दाखविले की लागण झालेल्या पुरुषांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे 1.4 पट होते, तर स्त्रियांत जवळजवळ तिप्पट. स्त्रियांचे मूळ प्रमाण कमी असते, हे खरे. तरीही छातीत दुखले की ‘पित्त असेल’ म्हणून लिंबूपाणी घेणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींनी हा आकडा विसरू नये. पुरुषांच्या बाबतीत तंबाखू आणि विडी-सिगारेट यांविषयी मी काय सांगावे? त्यांची एक करुण कहाणी मात्र निराळी आहे. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा रोग बहुतांशी पुरुषांना होतो. 1980 च्या सुमारास अमेरिका-युरोपात हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले औषध घेऊन अशा हजारो रुग्णांना या विषाणूची लागण झाली. रक्त गोठावे म्हणून घेतलेले औषधच रोग घेऊन आले.

आपल्या या नगरीचा रक्ताशी जुना संबंध आहे. येथील अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत 1942 मध्ये रक्तपेढी सुरू झाली, आणि त्याच संस्थेचे डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्ये सोनागाछीत एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे काम आरंभिले. 2021 साली कोविडने ते गेले. भारतातील पहिले संसर्ग 1986 मध्ये मद्रासला ज्यांच्या देखरेखीखाली उघडकीस आले, त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे! परप्रांतात वाढलेली आपलीच लेक. लोक बोलायला कचरत, तेव्हा त्या बोलल्या.

आता कायद्याविषयी, कारण तो माझ्या परिचयाचा प्रांत. 2017 चा एच.आय.व्ही. व एड्स अधिनियम 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे. संसर्गाच्या कारणावरून नोकरीत वा उपचारात भेदभाव करता येत नाही आणि रुग्णाची माहिती गुप्त राखणे बंधनकारक आहे. माझ्या स्नेह्यांना हे ठाऊक होते. मीच त्यांना सांगितले होते. तरी त्यांची जीभ रेटली नाही. ‘डॉक्टर आपल्या ओळखीतल्यांचे ओळखीचे निघाले तर?’ ही त्यांची भीती. परमुलखात आपला समाज लहान, म्हणून ती अधिकच.

पुढे त्यांनी सारे सांगितले. गोळी बदलली, रक्ताची तपासणी नियमित होऊ लागली, सूज उतरली. आता त्यांच्या पाकिटात सर्व औषधांच्या नावांची चिठ्ठी असते. गाडीत ते दर दोन तासांनी उठून डब्यातून फेरी मारतात आणि भरपूर पाणी पितात. गेल्या दिवाळीत ते त्याच गाडीने मुलीकडे जाऊन आले.