खोकला आला तरी

जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाच्या अलीकडे मढ गाव आहे. आषाढात तिथे ओळखीच्यांकडे भाताच्या आवणीला गेले होते. म्हणजे आवणी त्यांनी केली, मी छत्री धरून बांधावर उभी! सकाळपासून चिखलात वाकलेल्या बायकांमधली पन्नाशीची एक बाई चहा घेईना. पाणीही नको म्हणाली. मागाहून हळूच सांगितलं, "ताई, खोकला आला तरी लुगडं ओलं होतं. पावसात कुणाला कळत नाही, तेवढंच बरं."

तिला चार वर्षांपासून शुगर होती. गोळ्या चालू होत्या. पण हा त्रास तिला कुणी विचारला नव्हता आणि तिने सांगितला नव्हता.

मला माझी खाला आठवली. वजू करून ती नमाजाला उभी राहायची, सजद्यात वाकताना लघवी सुटली की पुन्हा वजूला उठायची. एका नमाजाला तीन-तीनदा. शेवटी तिने नमाज सोडला. घरात कारण सांगितलं, गुडघे दुखतात. अशा आजाऱ्याला शरियतने सवलत दिलेली आहे, पण ते विचारायचं कुणाला? मौलवीसाहेबांना? आम्ही आपले तिला गुडघ्यांसाठी तेल आणून देत राहिलो.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. बाळंतपणात ती ताणते, पाळी गेल्यावर सैलावते, डोक्यावरची ओझी आणि जुना खोकला तिला आणखी खाली ओढतात. फारच सैल झाली की अंग बाहेर येतं. एवढं आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. पोट आणि साखर यांचा संबंध मात्र पुष्कळांना माहीत नसतो. सुटलेल्या पोटाचा दाब सतत त्या झोळीवर पडतो. रक्तातली साखर वाढली की लघवी वाढते, आणि वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर मूत्राशयाच्या नसाही दुबळ्या होतात. "मी कुठे जाड आहे?" असं म्हणून सुटका नाही. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात, हा आपल्याकडचा बांधा पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगापुढे मांडला आहे.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्यात जंतुसंसर्ग पुष्कळ होते, पण मला अडखळवतो तो दुसरा आकडा. याआधी कधी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

आणि उपाय आहेत हो! अमेरिकेत ३३८ स्थूल बायकांवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्या गटाचं वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के उतरलं, आणि लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. नुसती माहिती मिळालेल्या गटात ते २८ टक्क्यांनी घटले. दुसरा उपाय फुकटचा. वारा अडवताना आवळतो तसे तळाचे स्नायू आवळायचे, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा, तीन महिने तरी. बसल्या जागी करा, कुणाला कळत नाही. अंग बाहेर येत असेल तर डॉक्टर आतून रिंग बसवतात, लागली तर शस्त्रक्रियाही असते. पाणी तोडणं हा मात्र उपाय नव्हे. त्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते.

मढच्या त्या बाईला हे सगळं बांधावरच सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर बाप्या आहे. त्याच्यापुढं कसं बोलू?"

"मग आशाताईला सांगा, ती तुमच्याबरोबर येईल."

तिने पदर तोंडाला लावला. "आशा माझी सूनच आहे," म्हणाली, आणि डोक्यावर प्लास्टिकचा कागद ओढून पुन्हा चिखलात उतरली.