घरच्या संगणकातील नोंदींचे जतन
(नवापूर येथे ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. त्या दुर्घटनेत पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य नस्ती भस्मसात झाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र सुरक्षित असते, तोच अशा प्रसंगानंतर पुन्हा हाती येतो. शासनाच्या दप्तराला लागू असलेला हा नियम आपल्या घरालाही तितकाच लागू आहे.

नवापूर, बोईसर, तारापूर या परिसरातील अनेक कुटुंबांच्या संगणकात आज नौकेच्या परवान्याच्या प्रती, सातबारा उतारे, वेतनचिठ्ठ्या, मुलांची गुणपत्रके आणि लग्नकार्याची छायाचित्रे साठविलेली असतात. किनाऱ्यावरील खारी हवा आणि विजेच्या दाबातील चढउतार ही दोन्ही यंत्रांची शत्रू होत. डिस्क निकामी झाली की वर्षांचा संचय क्षणात नाहीसा होतो.

ज्यांच्या घरी लिनक्स आहे, त्यांना यावरील उपाय विनामूल्य उपलब्ध आहे. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेली ही प्रणाली आपल्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ या नावाने भारतीय भाषांसह सिद्ध केली आहे. खर्च करावयाचा तो केवळ एका बाह्य डिस्कचा. ‘आरसिंक’ हा कार्यक्रम पहिल्या वेळी सर्व नोंदींची प्रत काढतो. त्यानंतर बदललेला भागच तेवढा उतरवितो. ‘क्रॉन’ हा कार्यक्रम नेमलेल्या वेळी ते काम न सांगता करवून घेतो. मात्र घरचा संगणक रात्री बंद असतो. म्हणून ‘ॲनाक्रॉन’ची योजना करावी, चुकलेले काम तो संगणक सुरू झाल्यावर पुरे करतो. आज्ञा लिहिण्याचा सराव नसणाऱ्यांनी ‘देजा डूप’ वापरावा. त्यात कोणत्या नोंदी, कोठे आणि किती दिवसांनी, एवढेच ठरवावे लागते.

तथापि, काही दक्षता आवश्यक आहे. हुबेहूब प्रत ठेवण्याची योजना केल्यास मूळ संगणकात चुकून पुसलेली नोंद प्रतीतूनही पुसली जाते. म्हणून मागील तारखांच्या प्रती राखून ठेवाव्यात. डिस्क जोडलेली नसेल तर काम थांबावे, अशीही व्यवस्था असावी. सदैव जोडलेली डिस्क विजेच्या एकाच आघाताने संगणकासोबत जळू शकते. यास्तव दुसरी डिस्क पालघरला किंवा अन्य गावी नातलगांकडे ठेवावी आणि महिन्याकाठी ती घरच्या डिस्कशी बदलावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत निघते आहे एवढ्यावर विसंबू नये. जगभर ३१ मार्च हा ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो हिशेब मिटविण्याचाही दिवस. त्या दिवशी प्रतीतून एखादी नोंद परत काढून, उघडून, वाचून पाहावी. रोजचे काम यंत्र करील. ही खातरजमा मात्र घरातील माणसानेच केली पाहिजे. जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच होय.